लॉनमोवरच्या इंजिनावर जुन्या घाटाची मोटरसायकल बनवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग आणि जाणते कारागीर हाताशी असल्यामुळे, दांडीच्या जुन्या सायकलला लॉनमोवरचे, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राचे, छोटे इंजिन बसवण्याची हौस येथे सहज भागवता येते. तरीही अशा सायकली वारंवार बंद पडतात. बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसतो. ते कोणत्या कामासाठी घडवले आहे, याचा विचार जोडणीच्या वेळी झालेला नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उभ्या शाफ्टचे इंजिन आडवे करून बसवणे. ढकलत्या लॉनमोवरचे पाते जमिनीला समांतर फिरते, म्हणून त्याच्या इंजिनाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) उभा असतो आणि तेल उडवण्याची रचनाही त्याच स्थितीसाठी केलेली असते. इंजिन आडवे झाले की तेल बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही, ब्रीदरमधून (इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) कार्बोरेटरकडे जाते आणि कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही अडखळतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि प्लग तेलाने काळा होत असेल, तर पिस्टनच्या रिंगा बदलण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी इंजिन कोणत्या कोनात बसले आहे ते पाहावे. शेतीला पाणी देणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या पंपांवर असते तसे आडव्या शाफ्टचे इंजिन घेणे हाच माझ्या मते यावरचा खरा उपाय आहे.

दुसरी चूक वेगाच्या हव्यासाची. ही इंजिने मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. वेगाला मर्यादा घालणारा गव्हर्नर काढून ती त्यापुढे पळवल्यास ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटू शकतो आणि जवळच बसलेल्या चालकाला गंभीर इजा होऊ शकते. वेग हवा असेल तर तो इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांच्या गुणोत्तरातून साधावा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर धरला, तर ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे २४१ वेळा फिरते. म्हणजे इंजिनाच्या १५ फेऱ्यांना चाकाची एक फेरी हवी. एकाच टप्प्यात हे साधायचे तर १० दात्यांच्या लहान चक्राला १५० दात्यांचे मोठे चक्र लागेल, म्हणून मध्ये जॅकशाफ्ट (जोड दांडा) घालून ३ पट आणि ५ पट असे दोन टप्पे करावेत. चढावर सेंट्रिफ्युगल क्लचमधून (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणाऱ्या क्लचमधून) जळका वास येत असेल, तर क्लच बदलण्याआधी हे गुणोत्तर तपासावे.

पट्टा वापरला तर इंजिनाच्या शाफ्टवर बसणाऱ्या पुलीचे भोक हा बारीक वाटणारा, पण फार त्रास देणारा भाग आहे. अशा अनेक इंजिनांचा शाफ्ट पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो. लेथवाल्याला तोंडी ‘वीस’ सांगितले की पुली डगमगते, पुली शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या चावीची खाच झिजते आणि पट्टा उडू लागतो. पट्टे बदलून हा दोष जात नाही. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून, शक्य असल्यास इंजिनच सोबत नेऊन, भोक करून घ्यावे.

फ्रेमच्या नळीला भोके पाडू नयेत. क्लॅम्प आणि नायलॉक नट (कंपनाने सैल न होणारे) वापरावेत. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर ठेवावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. लॉनमोवरची नेहमीची इंजिने या मर्यादेच्या खूप पुढे असतात. म्हणून नोंदणीशिवाय अशी सायकल सार्वजनिक रस्त्यावर आणू नये, खासगी जागेतच चालवावी. तेथेही जुन्या सळईच्या ब्रेकवर विसंबू नये: पावसात ओल्या पोलादी रिमवर त्यांची पकड फारच कमी होते. इंजिन चढवण्याआधीच दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक बसवून घ्यावेत.