होडी सोडली आणि कलंडली? या चुका टाळा

त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात. त्या बघून आमच्याकडची पोरंही होड्या करतात. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी पाण्यात सोडून न बघणं. माझ्या भाच्याने चौथीत असताना थर्माकोलची दुमजली होडी केली होती. हातभर डोलकाठी, वर सोनेरी कागदाचा झेंडा आणि पणती वरच्या मजल्यावर. "एकदा टबात सोडून बघ रे," म्हटलं, तर म्हणे, "मामा, रंग जाईल ना!" नदीवर त्याने हात काढला मात्र, होडी आडवी झाली. पणती चर्र करून विझली, झेंडा पाण्याला चिकटला. घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी डोलकाठी वीतभर ठेवली, पणती खाली आणली, बुडाला आतून दोन चपटे खडे बसवले. टबात बोटाने ढकलली तरी परत सरळ व्हायला लागली. वजन खाली हवं, बूड रुंद हवं. अरुंदच होडी हवी असेल तर बाजूला बांबूच्या दोन कामट्यांवर हलकं लाकूड बांधा. आपल्या मासेमारीच्या होडीला उलांडी असते, तीच युक्ती.

किती भार चालेल, हेही आधी मोजा. सरळ बाजूंची होडी 30 सेंटीमीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद असेल, तर 300 ग्रॅमला ती 1 सेंटीमीटर बुडते. होडीचं स्वतःचं वजनही त्यातच धरा. काठ पाण्याच्या वर निदान दोन बोटं राहिलाच पाहिजे.

दुसरी चूक डिंकाची. शाळेतला पांढरा डिंक पाण्यात सुटतो आणि चपला चिकटवायचं सोल्यूशन थर्माकोल खाऊन टाकतं. खरं सांगायचं तर थर्माकोल आणूच नका, त्याचे दाणे नदीतच राहतात. परसात पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद, चिवट आवरण, पडलेली असते. ती रात्रभर भिजवली की हवी तशी वळते. दोन्ही टोकं दुमडून काथ्याने शिवायची, सावलीत दोन दिवस वाळवायची आणि शिवणीवर मेणबत्तीचं मेण ओतायचं. हे दोन दिवस कुणालाच नको असतात. ओल्या विरीवर मेण धरत नाही, म्हणून मी घाई करणाऱ्याच्या हातात मेणबत्ती देतच नाही.

कागदी शीड रंगवण्याआधी त्यावर मेण घासू नका, रंग बसत नाही.

पणतीखाली पत्र्याचं झाकण ठेवा.

आईबाबांनी होडी करून देऊ नये. वाकडी झाली तरी पोराची राहू द्या.

आणि मागच्या टोकाला पाच-सहा हात दोरी बांधा. दोरी नसली की होडीमागे पोर पाण्यात उतरतं, आणि कार्तिकातही वाळवंटीला ओढ असते.