खांदा दुखतोय म्हणून हात गळ्यात बांधू नका: साठीनंतरच्या या चुका टाळा

खांदा धरला की कोकणात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "हात अजिबात हलवू नको." दुसरा, "चांगलं तेल लावून रगडून घे." दापोलीपासून मालवणपर्यंत कुठल्याही ओटीवर जा, यातला एक तरी ऐकायला मिळेल. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी साठी-सत्तरीतली बरीच माणसं यातला एखादा सल्ला मनापासून पाळून मगच येतात. मग मूळ दुखण्यापेक्षा त्या सल्ल्याने झालेलं नुकसान भरून काढण्यातच महिने जातात. वाईट याचं वाटतं की ही सगळी हाडाची कष्टाळू माणसं. बागेत राबणारी, भातलावणीला उतरणारी, रापणीचा म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याचा दोर ओढणारी. त्यांना काम सोडायचं नसतं आणि बहुतेक वेळा सोडायची गरजही नसते. कामाची उंची, वजन आणि वेळ बदलली तर खांदा पुष्कळ वर्षं साथ देतो.

प्रत्येक खांदेदुखीला 'फ्रोझन शोल्डर' म्हणणं

हल्ली पेशंट दारातूनच आजाराचं नाव सांगत येतो. पण खांदा दुखण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

घरी एक साधी तपासणी करता येते. दुखरा हात स्वतः समोरून वर उचला आणि अडेल तिथे थांबा. आता हात सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी तो हळूच वर न्यायला सांगा. दुसऱ्याने उचलल्यावर हात बराच वर जात असेल तर सांधा मोकळा आहे. मग दुखणं बहुधा रोटेटर कफमध्ये असतं. हा खांद्याला चारही बाजूंनी धरून ठेवणारा चार स्नायूंचा पट्टा. वयानुसार त्याच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, झिजतात, सुजतात, कधी फाटतात. हात बाजूने वर नेताना मधल्याच टप्प्यात कळ येणं आणि त्या कुशीवर झोपल्यावर रात्री जाग येणं ही याची नेहमीची लक्षणं.

दुसऱ्याने उचलूनही हात तिथेच अडत असेल तर सांध्याचं आवरण आखडलेलं असण्याची शक्यता जास्त. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. तोही वळेना, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली हे नाव रूढ केलं. साधारण 40 ते 60 या वयात, बायकांना जास्त आणि मधुमेह असलेल्यांना तर कितीतरी जास्त प्रमाणात हा त्रास होतो. म्हणून खांदा आखडला की साखर तपासून घ्या, थायरॉईडही बघून घ्या. साखर वाढली आहे हे काही जणांना खांद्यामुळेच पहिल्यांदा कळतं.

दुखणं कोपराच्या खाली उतरून बोटांत मुंग्या येत असतील आणि मान वळवल्यावर वाढत असेल तर मानेचा मणका बघायला हवा. तिथे खांद्याचे व्यायाम करून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढू नका. हात न हलवताही खांदा, जबडा किंवा छाती भरून येतेय, पाखाडी (पायऱ्यांची चढणीची वाट) चढताना दुखणं वाढतंय, घाम फुटतोय, धाप लागतेय, तर ते हृदयाचं असू शकतं. बाम चोळत बसू नका, 108 ला फोन करा.

हात गळ्यात बांधून ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गुहागरकडच्या एक आजी आल्या होत्या, दुखरा हात लुगड्याच्या जुन्या पट्टीने गळ्यात बांधलेला. "आजी, कधीपासून बांधलाय?" विचारलं तर म्हणाल्या, "दुखतोय तवापासून. शेजारीण म्हणाली, हलवलास तर वाढेल." पट्टी सोडली तर हात छातीच्या वर जाईना. त्यांना दुखण्यापेक्षा लागलं होतं ते अंबाड्याचं. स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही, रोज सकाळी सुनेपुढे पाठ करून बसावं लागतं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

खांद्याचा सांधा सैल असतो, म्हणूनच तो एवढा चहूबाजूंनी फिरतो. त्याला हलवलं नाही की आवरण आकसतं, स्नायू बारीक होतात आणि पुढे हलवताना आणखी दुखतं. हाड मोडलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर झोळी हवीच, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. नुसत्या दुखण्यासाठी झोळी नको.

आजींना पहिल्यांदा दिला तो कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा झोक्याचा व्यायाम. चांगला हात बाकावर टेकायचा, कमरेतून थोडं पुढे वाकायचं आणि दुखरा हात सैल लोंबता सोडायचा. मग अंग हलकेच डोलवायचं, म्हणजे हात आपोआप पुढे-मागे आणि गोल फिरतो. हाताने जोर लावायचा नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढत जाणं. जिथे ताण जाणवेल तिथे दहापर्यंत मोजायचं आणि बोटांनीच खाली उतरायचं. हात झटकन सोडायचा नाही. तिसरा काठीचा. उताणं झोपून काठी दोन्ही हातांत आडवी धरायची, कोपरं कुशीला, आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर वळवायचा. अंघोळीच्या गरम पाण्यानंतर लगेच केलं तर सांधा लवकर सोडतो.

किती दुखेपर्यंत करायचं? दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा वाढलेलं नको. वाढलं असेल तर त्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या, रात्रंदिवस ठणकणाऱ्या टप्प्यात जबरदस्तीने ताणलं तर आग आणखी भडकते. तेव्हा नुसते झोके पुरेत. हा आजार पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे पेशंटला आणि घरच्यांनाही आधीच सांगायला हवं. नाहीतर दोन महिन्यांत धीर सुटतो आणि सगळं बंद पडतं.

आजींचा हात आधी कानापर्यंत गेला, मग मानेच्या मागे. अंबाडा जमला तेव्हा सुनेनेच फोन करून सांगितलं.

रात्रीचंही थोडं सांगतो. दुखऱ्या कुशीवर झोपू नका. चांगल्या कुशीवर झोपून छातीशी उशी धरा आणि दुखरा हात तिच्यावर ठेवा. उताणं झोपत असाल तर कोपराखाली घडी घातलेली चादर घ्या, म्हणजे खांदा मागे लोंबत नाही.

पडल्यावर रगडणं आणि 'बसवून' घेणं

पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. पाय घसरतो, माणूस हात टेकवून पडतो आणि सगळा मार खांद्यावर किंवा मनगटावर येतो. तशा ताज्या माराला रगडणं म्हणजे आतला रक्तस्राव आणि सूज वाढवणं. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. गरम शेक नंतरच्या आखडलेपणासाठी.

खांद्याचा आकार बदललेला दिसला, हात उचलताच येईना, काळंनिळं दंडापर्यंत उतरलं, तर एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाही हात ओढू देऊ नका. उतारवयात खांदा निखळतो तेव्हा बरोबर हाड मोडलेलं असू शकतं, कंडराही फाटलेल्या असू शकतात. झटक्याने बसवताना शीर दुखावली तर हाताची ताकद जाते. गावात हाड बसवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास असतो, तो पिढ्यान् पिढ्यांचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही आधी एक्स-रे.

पडल्यानंतर एक्स-रे चांगला आला आणि तरी हात वर जाईना, तर "हळूहळू येईल" म्हणून महिने घालवू नका. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाहीत. अचानक फाटलेली कंडरा शिवायची असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत शिवलेली बरी, कारण उशीर झाला की ती मागे सरकते आणि स्नायू वाळतो.

उलट, पडझड काही नाही, हात चालतोय, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'टेअर' लिहिलंय म्हणून झोप उडवून घेऊ नका. साठीनंतर कसलाच त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांच्या खांद्यातही फाटलेली कंडरा सापडते. ऑपरेशनचा निर्णय तुमचा हात काय करू शकतो यावर होतो, नुसत्या रिपोर्टवर नाही.

बरं वाटलं की थेट आंबे काढायची घळ हातात घेणं

एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे गर्दी होते ती यामुळे. चार महिने हात सांभाळला, दुखणं थांबलं आणि हापूस तयार झाल्यावर पहिल्याच दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत घळ चालवली. मान वर, हात डोक्याच्या वर, लांब बांबूच्या टोकाला आंब्याचं वजन आणि प्रत्येक फळाला एक हिसका. झिजलेल्या कंडरेला याहून वाईट काम शोधून सापडणार नाही.

काम सोडा असं मी सांगत नाही. बांबू हलका घ्या. फळ देठासकट कापणारा झेला वापरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहेच. देठ कापला जातो, त्यामुळे हिसका द्यावा लागत नाही आणि फळही चांगलं राहतं. वीस मिनिटं वरचं काम केलं की वीस मिनिटं खाली बसून आंबे निवडायचे. उंच फांद्या तरुणांना द्या, खालच्या तुम्ही काढा.

घरातही हेच बघा. कपड्यांची दोरी खांद्याच्या खाली आणा. रोजचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर घ्या. विहिरीचं पाणी ओढायचं तर पोहरा अर्धा भरा, दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. कळशी अंगाजवळ धरा. हात लांब करून धरलेलं थोडं वजनही खांद्याला कितीतरी पट जड होतं. एसटीत वरचा दांडा धरून उभं राहू नका. घाटात गाडी वळली की सगळा हिसका खांद्यावर येतो. सीटचा दांडा धरा, आणि ज्येष्ठ नागरिकांची सीट हक्काने मागून घ्या.

रापणीचा दोर ओढणाऱ्यांनी नुसत्या हाताने ओढू नये. कोपर अंगाशी ठेवून पाय रोवायचे आणि अंगाचा भार मागे टाकायचा. जुने रापणकर असेच ओढतात, नीट बघा.

गोळ्या, पुड्या आणि इंजेक्शनं

मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी दोन-तीन दिवस घेणं वेगळं आणि सहा महिने रोज घेणं वेगळं. पोटात अल्सर, रक्तदाब वाढणं, मूत्रपिंडावर ताण, हे सगळं साठीनंतर लवकर होतं. बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

लावणीच्या दिवसांत तर अधिकच जपा. अंगदुखीबरोबर ताप आहे, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर ते चिखलातल्या कामाचं दुखणं समजू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा संसर्ग) असू शकतो, आणि तो मूत्रपिंडालाच धरतो. त्यावर वेदनाशामक गोळी घालणं घातक. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरत होतो हे न विचारता सांगा.

नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. एका दिवसात चमत्कार वाटावा इतका आराम पडला तर त्यात स्टिरॉईड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी सांध्यात दिलेलं स्टिरॉईडचं इंजेक्शन ही निराळी गोष्ट. योग्य वेळी दिलं तर रात्रीची झोप परत मिळते आणि व्यायाम करता येतो. मात्र मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती रोज तपासा.

गुडघ्यांबद्दल थोडंसं

किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कलत्या वाळूवर एकाच दिशेने चालत राहिलं की एका गुडघ्यावर भार पडतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच बाजूने परत या. पाखाडी चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो. तेव्हा काठी घ्या, लाजू नका.

शिमग्याची तयारी शिमग्यात करणं

पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची हौस सत्तरीतही जात नाही, आणि ती जाऊही नये. पण कंडरेला ताकद यायला साधारण तीन महिने लागतात. फाल्गुनात पालखी घ्यायची तर मार्गशीर्षात सुरुवात करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कुशीला ठेवून पट्टी बाहेर ओढा, मग उलटं वळून आत ओढा, मग दोन्ही हातांनी मागे ओढत पाठीची पाती जवळ आणा. प्रत्येकी दहा वेळा, एक दिवसाआड. पंधरा दिवसांनी पट्टी दुहेरी करा. सोबत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, त्याच्या वर नको. पौष संपेपर्यंत हे न दुखता जमायला लागलं तर पालखीला खांदा द्या, दर थोड्या वेळाने बाजू बदला आणि नाचवताना दांडा डोक्यावर उचलायची वेळ आली की पोरांच्या हाती सोपवा. तोपर्यंत जमलं नसेल तर यंदा ढोल पोरांना देऊन तुम्ही ताशा घ्या, तो कमरेच्या उंचीवर वाजतो.