मोटरहोमच्या इंजिनाची बॅटरी उतरण्याआधीची तयारी

दहा-अकराचा पाना गाडीत ठेवावा. बाकीचे साहित्य पुढे येतेच, पण ही वस्तू पहिल्याच वाक्यात लिहिण्याचे कारण असे, की मागच्या वेळी जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची तार), मीटर, टॉर्च असे सगळे जवळ असूनही सारंगखेड्याच्या यात्रेत गाडी अडकून पडली ती केवळ या पान्यावाचून. बारा-तेराचा होता, चौदा-पंधराचा होता; दहा-अकराचा घरच्या डब्यात राहिला होता. बहुतेक गाड्यांत बॅटरीचे टर्मिनल आवळणारा नट दहा मिलिमीटरचा असतो. आपल्या गाडीचा वेगळा असेल तर त्या मापाचा पाना घ्यावा, मात्र अंदाजाने नव्हे, नटावर बसवून पाहून घ्यावा.

मोटरहोमला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला, दोन बॅटऱ्या असतात ही गोष्ट मालकाला माहीत असते, सोबत येणाऱ्या पाहुण्यांना नसते, आणि अडचणीच्या वेळी मालकही विसरतो. आतले दिवे लखलखतात, पंखा फिरतो, फ्रिज चालतो, छतावर सौर पॅनेल आहे, मग गाडी सुरू का होत नाही, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर एवढेच की हे सगळे मागच्या, म्हणजे घराच्या बॅटरीवर चालते आणि सौर पॅनेलही बहुतेक वेळा तिलाच चार्ज करते. इंजिनाची बॅटरी गाडी उभी असताना उपाशीच असते. उलट तिच्यावर जीपीएस, अलार्म, डॅशकॅम, टेपची मेमरी असे बारीक बारीक खाणारे बसलेले असतात. हे सगळे मिळून केवळ 50 मिलिअँपिअर ओढत असतील तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, महिन्याला 36; म्हणजे 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीची जवळजवळ अर्धी ताकद गाडी जागची न हलता संपते. गाडी दोन-तीन आठवडे अंगणात उभी राहणार असेल तर ऋण टर्मिनल सोडून ठेवावे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि टर्मिनल सोडायला काय लागते ते वर लिहिलेच आहे.

बॅटरी नेमकी कुठे आहे ते घरीच, दिवसाउजेडी, एकदा उघडून पाहावे. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ती सापडते. पण गाडीवर घर बांधणाऱ्या कारागिराने तिच्यावर प्लायवूड, त्यावर गालिचा आणि त्यावर फिरणारी सीट बसवलेली असली तर रात्री मोबाइलच्या उजेडात चार स्क्रू शोधण्यात निम्मा वेळ जातो. ते स्क्रू कोणत्या पेचकसाने निघतात, सीट कुठल्या बाजूला वळवली की हात आत जातो, हे एका कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावे. सेंट्रल लॉक विजेविना उघडत नाही, म्हणून साधी धातूची किल्ली चालते का हेही त्याच वेळी पाहावे आणि केबल किंवा पाना अशा कप्प्यात ठेवू नये, जो बॅटरी मेल्यावर उघडणारच नाही. पाना ठेवला का? नसेल तर वाचणे थांबवून आधी ठेवून यावा.

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांचा चालतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजलेला आकडाच खरा. नुकत्याच थांबवलेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली असेल तर निघायचेच नाही, आधी चार्जिंग. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी भरलेली दिसली तरी म्हातारी झाली आहे. आपल्याकडे ती लवकर म्हातारी होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त, आणि उष्णतेने आतल्या पट्ट्या झिजतात, पाणी उडते. मात्र बॅटरी दगा देते ती उन्हाळ्यात नव्हे, मार्गशीर्षातल्या पहाटे, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमधून डिझेल इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पाहावे. बोअरचे पाणी घालू नये.

सेल्फ मारल्यावर नुसते टकटक झाले म्हणजे बॅटरी उतरलीच असे समजू नये. पुष्कळदा टर्मिनल ढिले असते किंवा त्यावर पांढरा-हिरवा भुगा जमून प्रवाह अडलेला असतो. ते सोडायचे, सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासायचे, कोरडे करून आवळायचे, वर थोडे व्हॅसलीन. दहा मिनिटांचे काम; सारंगखेड्यातही एवढेच करायचे होते, हे गॅरेजवाल्याने त्याच्या पान्याने दोन वेढे देऊन दाखवले. पकडीने हा नट सोडवण्याचा प्रयत्न करू नये, कडा गोल होतात आणि मग पानाही उपयोगाचा राहत नाही. सोडताना नेहमी ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर अशी ठिणगी उडते की पान्याला खाच पडते.

जंपर केबल घेताना जाडी पाहून फसू नये. बाजारातल्या स्वस्त केबलवर रबर जाड आणि आत तांबे नावापुरते असते; डिझेल इंजिनाचा सेल्फ काही शे अँपिअर ओढतो, तेव्हा ती केबल तापते आणि गाडी सुरू होत नाही. तांब्याचा छेद 25 चौरस मिलिमीटर आणि लांबी निदान चार मीटर असावी, कारण मोटरहोमच्या बॅटरीपर्यंत दुसरी गाडी अगदी टेकून उभी करता येतेच असे नाही.

आता मदत कोणाची घ्यायची. सुरत-धुळे-जळगाव महामार्गावर हात केला की थांबतो तो बहुधा केळीचा ट्रक, आणि ड्रायव्हर दादा मनापासून मदतीला तयार असतो; पण मोठ्या ट्रकची आणि बसची यंत्रणा बहुधा 24 व्होल्टची असते आणि आपली 12 ची. ती थेट जोडली तर आपली इलेक्ट्रॉनिक्स जळून जातात. नम्रपणे नको म्हणावे आणि ट्रॅक्टर शोधावा. रावेर-यावलकडे काय किंवा शहाद्याकडे काय, शिवारात ट्रॅक्टर भेटतोच, तो बहुतेक 12 व्होल्टचा असतो. तरीही त्याच्या बॅटरीवरचा आकडा वाचूनच चिमटा लावावा. पिकअपही चालते.

तोरणमाळसारख्या ठिकाणी तेही भेटणार नाही, मोबाइलही लागेलच असे नाही, म्हणून 10 अँपिअरचा छोटा चार्जर जवळ असावा. मागची बॅटरी धडधाकट असेल तर इन्व्हर्टरवर हा चार्जर लावून तास-दोन तास इंजिनाच्या बॅटरीला द्यावेत. एका सुरुवातीपुरती वीज बहुतेक वेळा जमा होते. मागची बॅटरी लिथियमची असेल तर तिला केबलने थेट सेल्फसाठी जोडू नये, तिचे संरक्षण-सर्किट एवढा प्रवाह पाहताच बंद पडते. धक्का मारण्याचा विचार सोडून द्यावा; एवढ्या वजनाला माणसे पुरत नाहीत.

जोडणीचा क्रम: लाल चिमटा आपल्या धन टर्मिनलला, लालचे दुसरे टोक मदतीच्या धनाला, काळा मदतीच्या ऋणाला, काळ्याचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. विडी-सिगारेटवाल्या बघ्यांना लांब उभे करावे. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पाच मिनिटे थांबून सेल्फ. काढताना उलटा क्रम.

सुरू झाल्यावर मीटरने बघावे, 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र, ठीक. चालू इंजिनावर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुन्या ड्रायव्हर मंडळींची खोड कोणालाही करू देऊ नये. नुसते घुरघुरत ठेवून फार चार्ज होत नाही, गाडी चालवावी, आणि घरी पोचल्यावर रात्रभर चार्जर. पुन्हा उतरली तर नवी बॅटरी. गावातल्या दुकानातला पोरगा घेऊन येतो, पण पाना त्याच्याकडे असेलच असे नाही. जुनीचे पैसे वळते करून घ्यावेत आणि गॅरंटी कार्डावर तारीख व शिक्का दुकानातच मारून घ्यावा.