सर्च इंजिनला आपलं पान नीट कळावं म्हणून: स्ट्रक्चर्ड डेटा कसा लिहावा

वेबसाइटवर एका व्याख्यानाची माहिती टाकली आहे असं धरा. वर विषय, खाली ओळ: '७ जून, सायंकाळी ६, सभागृह क्रमांक २'. वाचणाऱ्याला लगेच कळतं की कधी आणि कुठे जायचं. सर्च इंजिनसमोर मात्र प्रश्न असतो. ७ जून ही व्याख्यानाची तारीख, पान प्रसिद्ध झाल्याची, की नावनोंदणीची शेवटची? बरेचदा अंदाज बरोबर येतो, पण इतकी महत्त्वाची गोष्ट अंदाजावर का सोडायची? पानावर आहे तीच माहिती यंत्राला कळणाऱ्या ठरलेल्या शब्दांत पुन्हा लिहून देणं, याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात.

हे ठरलेले शब्द स्कीमा डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर मिळतात. गूगल, बिंग आणि याहूने २०११ मध्ये मिळून ते सुरू केलं, त्याच वर्षी यांडेक्सही त्यात आलं. म्हणून एकदा लिहिलेलं या सगळ्यांना चालतं. लिहिण्याच्या पद्धती तीन: मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. नव्याने सुरुवात करत असाल तर डोळे झाकून जेसन-एलडी घ्या. बाकीच्या दोन्हींमध्ये खुणा पानभर पेराव्या लागतात आणि डिझाइन बदललं की त्यातल्या काही हरवतात. जेसन-एलडीचा सगळा मजकूर एकाच स्क्रिप्ट टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या एका चौकटीत, राहतो. गूगलची शिफारसही तीच आहे.

आधी पानाचा प्रकार ठरवा

कोडला हात लावण्याआधी स्वतःला विचारा: हे पान मुळात कशाचं आहे? लेख, कार्यक्रम, पाककृती, विक्रीची वस्तू, संस्थेची ओळख? शेकडो प्रकार आहेत, त्यातला सर्वांत नेमका निवडा. मग गूगलच्या सर्च गॅलरीत तो प्रकार आहे का ते पाहा. निकालात जास्तीची माहिती, म्हणजे रिच रिझल्ट, कोणत्या प्रकारांना मिळू शकतो याची ती यादी आहे आणि ती बदलत राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने नेहमीच्या प्रश्नोत्तरांचे (एफएक्यू) रिच रिझल्ट मोजक्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरते मर्यादित केले आणि पुढच्याच महिन्यात एखादं काम पायरीपायरीने शिकवणाऱ्या (हाउ-टू) पानांचे पूर्ण बंद केले. जुना सल्ला वाचून त्यावर दिवस घालवू नका.

मग कोड लिहा

व्याख्यानाच्या पानाला 'इव्हेंट' हा प्रकार लागू होतो. त्यात नाव, सुरू होण्याची तारीख-वेळ आणि ठिकाण या गोष्टी गूगलला हव्याच असतात. ठिकाण नुसतं लिहून भागत नाही. त्याच्या आत 'प्लेस' हा वेगळा प्रकार उघडायचा आणि त्यात सभागृहाचं नाव व पत्ता द्यायचा. इथे मी हे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, कोडमध्ये ते रोमन लिपीत आणि स्कीमा डॉट ऑर्गवर आहेत तसेच हवेत. 'स्टार्टडेट'मध्ये फक्त मधला डी कॅपिटल असतो, तिथे फरक पडला तर ते नाव ओळखलं जात नाही. त्या नावापुढची माहिती मात्र खुशाल मराठीत लिहा.

तारखेचं वेगळं सांगते, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. '७/६' हे कुणी ७ जून वाचेल, कुणी ६ जुलै. म्हणून क्रम पक्का: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. त्यापुढे टी हे अक्षर, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ आणि शेवटी जागतिक प्रमाणवेळेपासून आपल्या टाइमझोनचा फरक. आकडे इंग्रजीच वापरा.

दुसरी काळजी विरामचिन्हांची. एका लेखाच्या शीर्षकात मी एक शब्द दुहेरी अवतरणात टाकला होता आणि तेच शीर्षक जसंच्या तसं कोडमध्ये चिकटवलं. कोडच्या लेखी शीर्षक त्या चिन्हापाशीच संपलं आणि त्यामुळे सगळा कोडच बाद झाला. पान दिसायला व्यवस्थित होतं, ब्राउझरने तक्रार केली नाही, त्यामुळे तीन आठवडे पत्ताच लागला नाही. अशा चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ (बॅकस्लॅश) द्यावी लागते. वर्ड प्रोसेसरमधून कोड कॉपी केला तर सरळ अवतरणं वाकडी होऊन येतात, तीही चालत नाहीत. महिरपी कंस बंद होण्याआधी उरलेला शेवटचा स्वल्पविराम काढायला विसरू नका.

वर्डप्रेस असेल तर हे काम बहुधा प्लगइन करतं. फक्त थीम आणि प्लगइन दोघंही एकाच पानासाठी वेगवेगळा डेटा लिहीत नाहीत ना, हे पानाचा सोर्स उघडून बघा.

तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पानाचा पत्ता किंवा नुसता कोड टाका. एरर आली तर ती दुरुस्त केल्याशिवाय रिच रिझल्ट मिळणार नाही. वॉर्निंग म्हणजे एखादी ऐच्छिक माहिती दिलेली नाही, एवढंच. ती घालवण्यासाठी मनाने काही भरू नका. सर्च गॅलरीत नसलेल्या प्रकारांसाठी स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर वापरा.

पानावर दिसत नाही ते कोडमध्ये लिहायचं नाही, याबाबत मी फार आग्रही आहे. वाचकाला न दिसणारे पाच तारे यंत्राला सांगणं ही फसवणूक आहे. ती उघड झाली की गूगल मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे माणसाने तपासून केलेली कारवाई, घेतं आणि रिच रिझल्टचा हक्क जातो.

कोड चढवल्यावर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, पानाचा पत्ता तपासून इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या नोंदीत घेण्याची, विनंती करा. पान नोइंडेक्स (नोंद करू नका) या सूचनेने किंवा सर्च इंजिनला अडवणाऱ्या रोबोट्स फाइलने अडवलेलं नसावं. निकालात बदल दिसायला काही दिवस लागतात, आणि सगळं बरोबर असूनही रिच रिझल्ट मिळेलच अशी हमी गूगल देत नाही. नुसत्या या कोडमुळे क्रमांकही वर जात नाही.

व्याख्यान पुढे ढकललं तर पान काढून टाकू नका. नवी तारीख ठरेपर्यंत जुनी तारीख राहू द्या आणि 'इव्हेंटस्टेटस'मध्ये 'इव्हेंटपोस्टपोन्ड' लिहा. ठरली की स्थिती 'इव्हेंटरीशेड्यूल्ड' करा, 'स्टार्टडेट'मध्ये नवी तारीख घाला आणि जुनी 'प्रीव्हियसस्टार्टडेट'मध्ये हलवा. त्याच बैठकीत पानावरची '७ जून' ही ओळही बदला.