सहावी ते आठवीचं विज्ञान: घटक चाचणीआधी उजळणी कशी करून घ्यावी

घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बऱ्याच घरांत एकच दृश्य असतं. मूल विज्ञानाचा धडा पहिल्या ओळीपासून वाचत सुटतं, आतल्या खोलीतून कुणीतरी "झालं का रे?" विचारतं आणि "झालं" असं उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आलं की तोच धडा परका वाटतो. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, म्हणून आपल्याला येतंय असा मुलांचा समज होतो. पुस्तक मिटल्यावर डोक्यात काय राहिलं हे पाहणं म्हणजे उजळणी. ती मुलाने एकट्याने करण्यापेक्षा घरातल्या कुणी समोर बसून करून घेतली तर जास्त पक्की होते. समोर बसणाऱ्याला विज्ञान यायलाच हवं असं नाही, प्रश्न विचारता आले की पुरे.

इथे राज्य मंडळाच्या ‘सामान्य विज्ञान’मधल्या संकल्पना धरल्या आहेत. सीबीएसईच्या मुलांनाही हीच पद्धत चालेल. उदाहरणं मुद्दाम नाशिकची घेतली आहेत. रोज नजरेला पडणाऱ्या गोष्टीवर प्रश्न आला की पाठ केलेलं वाक्य उपयोगी पडत नाही, विचार करावाच लागतो.

१. आधी धडे चाळा, वाचू नका

चाचणीला कोणते धडे आहेत आणि किती गुणांची आहे, हे मुलाच्या वहीतून किंवा वर्गाच्या ग्रुपवरून नक्की करा. मग धड्यातलं एकेक उपशीर्षक वाचा आणि म्हणा, "यावर मला तीन वाक्यं सांग." न अडखळता सांगितली तर शीर्षकापुढे बरोबरची खूण. अडखळत सांगितली तर प्रश्नचिन्ह. "थांब, बघून सांगतो" म्हणाला तर फुली. दोन धड्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

आता वेळ द्यायचा तो फुली आणि प्रश्नचिन्हांना. मुलं नेमकं उलटं करतात. जे येतं तेच परत वाचतात, कारण ते वाचायला छान वाटतं.

२. कोरा कागद

प्रश्नचिन्हाचा भाग एकदा नीट वाचायला सांगा, मग पुस्तक मिटवून तुमच्याकडे घ्या. कोऱ्या कागदावर त्या भागातलं आठवेल ते मुलाने लिहायचं: व्याख्या, सूत्र, उदाहरण, आकृती, जसं सुचेल तसं. अक्षर कसंही चालेल. लिहून झालं की पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. त्या दुसऱ्या रंगात जे आहे तोच उद्याचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद घ्या, रंगीत भाग निम्म्यावर आलेला दिसेल.

उत्तरं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून काढणं आणि प्रत्येक ओळीवर पिवळा मार्कर फिरवणं या दोन सवयींवर मात्र माझा राग आहे. तासभर हात चालतो, डोकं बाजूला बसून असतं. गाईडमधली तयार उत्तरं पाठ करणंही त्यातलंच. प्रश्नाची शब्दरचना बदलली की ती उत्तरं कुठे बसवायची हेच मुलाला कळत नाही.

३. गोंधळाच्या जोड्या सोडवा

‘फरक स्पष्ट करा’मध्ये आणि रिकाम्या जागांमध्येही गुण जातात ते बहुतेक एकमेकांसारख्या वाटणाऱ्या संकल्पनांमुळे. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

वस्तुमान आणि वजन. भाजीवाला किलोत मोजून देतो ते वस्तुमान, म्हणजे पदार्थात किती द्रव्य आहे ते. वजन हे पृथ्वीने लावलेलं गुरुत्वीय बल, म्हणून त्याचं एकक न्यूटन. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवर वजन ५० × ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. चंद्रावर वजन साधारण सहाव्या हिश्शावर येईल, वस्तुमान ५० किलोग्रॅमच राहील. मूल म्हणालं की "चंद्रावर दोन्ही कमी होतात," तर इथेच थांबा. हे पटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

अंतर आणि विस्थापन. सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) नाशिकरोडला जायचं आणि त्याच रस्त्याने परत सीबीएसला यायचं. एकेरी अंतर ९ किलोमीटर धरलं तर कापलेलं अंतर १८ किलोमीटर, विस्थापन (म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर) शून्य. यातूनच चाल आणि वेगही सुटतात. चाल काढताना अंतराला वेळेने भागायचं, वेग काढताना विस्थापनाला. म्हणून या फेरीचा सरासरी वेग शून्य येतो. मुलांना हे आधी खोटं वाटतं. वाटू द्या, वाद घालू द्या. त्या वादात जे समजतं ते विसरत नाही.

उष्णता आणि तापमान. ही सगळ्यात चिवट जोडी, म्हणून आकडे घालून सोडवा. ३० अंश सेल्सिअसचं १०० ग्रॅम पाणी ९० अंशांपर्यंत तापवायला १०० × ६०, म्हणजे ६,००० कॅलरी उष्णता लागते. अंघोळीचं १५ लिटर पाणी ३० वरून फक्त ४० अंशांवर न्यायला १५,००० × १०, म्हणजे १,५०,००० कॅलरी. कपातल्या पाण्याचं तापमान कितीतरी जास्त, पण बादलीने उष्णता घेतली पंचवीसपट. पाण्याचा विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) १ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे, हे या गणितातच वापरून झालं, वेगळं पाठ करावं लागत नाही. लगेच पुढचा प्रश्न विचारा: निफाडकडे थंडीच्या कडाक्यात द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात हे समजलं, पण बागेला पाणी का देतात? पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त असल्याने ओली जमीन सावकाश थंड होते, एवढं मुलाच्या तोंडून आलं की जोडी सुटली.

बाष्पीभवन आणि उत्कलन. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला आणि फक्त पृष्ठभागावरून होतं, उत्कलन ठरावीक तापमानाला आणि सगळ्या द्रवात. जाता जाता गंमत म्हणून सांगा: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे आपल्या गॅसवरचं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पेपरात मात्र ‘सामान्य वातावरणीय दाबाला १०० अंश सेल्सिअस’ असंच लिहायचं.

मिश्रण, संयुग आणि संमिश्र. भांडी बाजारातलं पितळ कुठल्या गटात, असं विचारा. निम्मी मुलं संयुग म्हणतात. पितळ हे तांबं आणि जस्त यांचं संमिश्र, म्हणजे धातूंचं समांगी (सगळीकडे एकसारखं) मिश्रण. त्यात दोन्हींचं प्रमाण कमीजास्त करता येतं. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून पाणी संयुग. मिसळ हे विषमांगी मिश्रण आहे, हे उदाहरण मुलं स्वतःच देतात आणि ते बरोबर आहे.

वनस्पती पेशी व प्राणी पेशी, जीवाणू व विषाणू, अणू व रेणू, भौतिक व रासायनिक बदल या जोड्याही अशाच समोरासमोर ठेवा. मात्र फरकाचे मुद्दे पाठ करून घेण्याआधी प्रत्येक जोडीला एकेक उदाहरण मागा.

४. ‘शास्त्रीय कारणे’ दोन टप्प्यांत

या प्रश्नात मुलं प्रश्नच फिरवून लिहितात: "धरणाची भिंत पायाशी रुंद असते, कारण तिथे ती मजबूत लागते." याला गुण मिळत नाहीत. सवय अशी लावा की पहिल्या वाक्यात नियम सांगायचा आणि दुसऱ्यात तो प्रश्नातल्या वस्तूला लावायचा. ‘द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो. धरणाच्या तळाशी पाण्याची खोली सर्वात जास्त असल्याने तिथे दाब सर्वात जास्त असतो. तो सहन व्हावा म्हणून पाया रुंद ठेवतात.’ पुढच्या वेळी गंगापूर धरणावर गेलात की हाच प्रश्न तिथे उभं राहून विचारा.

सरावाला पुस्तकाबाहेरची कारणं घ्या. द्राक्षं काढणीला आली असताना अवकाळी पाऊस झाला की मणी का तडकतात? पिकलेल्या मण्यात साखरेचं प्रमाण जास्त असतं, परासरणाने (पातळ सालीतून पाणी जास्त साखरेच्या बाजूला जातं, त्याने) पाणी आत शिरतं आणि साल ताण सहन करू शकत नाही. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रात्री दहा-बारा बेदाणे साध्या पाण्यात आणि तेवढेच साखरेच्या दाट पाकात टाका. सकाळी पाण्यातले टम्म फुगलेले दिसतील, पाकातले जवळपास तसेच.

आणखी काही विचारा. कसारा घाट चढताना रेल्वेला जादा इंजिनं का जोडतात? पितळी भांड्याला आतून कल्हई का करतात? (कल्हई म्हणजे कथिलाचा थर. आंबट पदार्थातलं आम्ल तांब्या-जस्तापर्यंत पोचू नये म्हणून तो देतात.) गोदावरीत पाणवेली माजल्या की मासे का मरतात? शेवटच्या प्रश्नाला साखळीनेच उत्तर यायला हवं: सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस, त्यावर पाणवेलींची वाढ, सूर्यप्रकाश अडणं, पाण्यातला ऑक्सिजन घटणं. मधली एक कडी गळली तर तिथेच विचारा, "मग?"

परिसंस्थेचा धडा असेल तर नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य हाताशी आहेच. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणथळ क्षेत्र ठरलं. तिथली अन्नसाखळी मुलाला रचायला सांगा, मात्र सुरुवात वनस्पतीपासून, म्हणजे उत्पादकापासून झाली पाहिजे. बाण खाणाऱ्याच्या दिशेने काढायचा. तो उलटा काढण्यात दरवेळी कुणी ना कुणी गुण घालवतं.

५. स्वयंपाकघरात अर्धा तास

आम्ल-आम्लारीचा धडा वाचून कंटाळा येतो, करून येत नाही. टिपकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की डाग लालसर होतो. लिंबाचा रस टाकला तर पिवळाच राहतो. इथे "लिंबामुळे पिवळा झाला" असं मुलं लिहितात, ते दुरुस्त करा. हळद आम्लात रंग बदलतच नाही. आम्ल ओळखायला जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी जास्त कामाचं. लिंबात खाण्याचा सोडा घातल्यावर फसफसून येतो तो कार्बन डायऑक्साइड. बाथरूम साफ करायचं अॅसिड मात्र या खेळात नको.

६. आकृत्या आणि उदाहरणं

आकृती पाहून काढण्यात सराव होत नाही. एकदा निरखायची, पान उलटायचं, काढायची. आधी नावांची यादी तोंडी घ्या, मग आकृती. नावं एका बाजूला, एकाखाली एक, रेषा पट्टीने आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. विद्युत परिपथात घटाची लांब रेघ धन आणि आखूड जाड रेघ ऋण, हे शेवटच्या दिवशीसुद्धा एकदा विचारून घ्या.

उदाहरणांत गुण जातात ते एककांपायी. नाशिक ते सिन्नर ३० किलोमीटर धरा, बसला ४५ मिनिटं लागली, तर चाल किती? ३० भागिले ४५ करून मोकळं होणारी मुलं असतात. ४५ मिनिटं म्हणजे ०.७५ तास, उत्तर ४० किलोमीटर प्रति तास. मीटर प्रति सेकंदात हवं असेल तर ५/१८ ने गुणायचं, ११.११ येतं. दिलेलं, सूत्र, किंमती, उत्तर आणि एकक या क्रमाने लिहायची शिस्त असेल तर शेवटी आकडेमोड चुकली तरी काही गुण हाती लागू शकतात. कार्याच्या सूत्रावर (कार्य = बल × विस्थापन) एक चकवा जरूर विचारा: जड दप्तर पाठीवर घेऊन बसथांब्यावर वीस मिनिटं उभं राहिलं, दप्तरावर कार्य किती झालं? शून्य, कारण विस्थापन नाही. पाठ दुखली तरी शून्यच.

७. शेवटचा दिवस

नवीन धडा उघडायचा नाही. सगळे कोरे कागद पसरा आणि फक्त दुसऱ्या रंगाचा मजकूर विचारा. नंतर धड्याखालच्या स्वाध्यायातले पाच-सहा प्रश्न घड्याळ लावून लिहून घ्या. रात्री वेळेवर झोपू द्या. जागून वाचलेलं सकाळी आठवत नाही आणि पेपरात डुलक्या येतात.

पेपर तपासून घरी आला की एकूण गुणांवर बोलणं आटोपतं घ्या. गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते मुलालाच लिहायला सांगा: आठवलं नाही, गोंधळ झाला, एकक राहिलं की प्रश्नच नीट वाचला नाही. तो कागद विज्ञानाच्या पुस्तकात ठेवून द्या. पुढच्या चाचणीची तयारी त्याच कागदावरच्या प्रश्नांनी सुरू करा, कारण सातवीतली पेशी आठवीत आणि आठवीतलं प्रकाशाचं परावर्तन पुढच्या वर्गांत पुन्हा समोर येतंच.