आतड्याच्या ऑपरेशननंतर मूल लवकर सावरावं म्हणून या चुका टाळा

मुलाच्या आतड्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. मग जपण्याच्या नादात पोर उपाशी राहतं आणि खाटेवरून उतरत नाही. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी मोठ्या माणसांच्या बाबतीत दाखवून दिलं, की उपास कमी, खाणं आणि चालणं लवकर, असं केलं तर रुग्ण लवकर बरा होतो. मुलांच्या सर्जरीतही आता हीच पद्धत रुळते आहे.

पहिली चूक ऑपरेशनच्या आधीच होते. "रात्री बारानंतर काही नाही" हे ऐकून पाणीही बंद केलं जातं आणि दुपारी नंबर लागेपर्यंत पोर कासावीस होतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला साधारणपणे जेवण ६ तास आधी, आईचं दूध ४ तास आधी आणि पाणी २ तास आधी थांबवतात. काही ठिकाणी पाण्याला १ तासापर्यंत मुभा असते. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांना विचाराच. गाळलेलं कोकम सरबत पाण्यात धरलं जातं, सोलकढी नाही, कारण तिच्यात नारळाचं दूध असतं. आतडं अडकून तातडीचं ऑपरेशन असेल तर मात्र घोटभरही देऊ नका.

नंतरचा घोळ "वारा सरल्याशिवाय काही द्यायचं नाही" हा. आजीबाईंची काळजी खरी आहे, पण बऱ्याच ऑपरेशनांत डॉक्टर पहिल्या दिवसातच घोटभर पाणी सुरू करतात. त्यांनी हो म्हटलं की पाणी, मग उकड्या तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज, चमच्याचमच्यानं. भरवण्याचा आग्रह नको. पोटावर स्टोमा, म्हणजे शी बाहेर पिशवीत जावी म्हणून काढलेलं आतड्याचं तोंड, असेल तर फणस, मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे लांबच ठेवा. ते अडकून बसतात. स्टोमाभोवती खोबरेल लावू नका, तेलकट कातडीवर पिशवी चिकटत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती आधीच सुटायला बघते, म्हणून कातडी टिपून पूर्ण कोरडी करूनच पिशवी लावा.

"दुखलं की औषध देऊ" हेही चुकतं. दुखतंय म्हणून मूल खोकत नाही, उठत नाही, आणि छातीत कफ साठतो. पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे ठरलेल्या मात्रेत, घड्याळ बघून द्या. सर्दीच्या सिरपमध्येही तेच औषध असू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नका. खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवा. डॉक्टरांनी उठवायला सांगितलं की लगेच उठवा, आधी खुर्चीत, मग वॉर्डात चार पावलं, घरी आल्यावर पडवीत फेऱ्या. सायकल आणि झाडावर चढणं मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

हिरवी उलटी, फुगत जाणारं पोट, वाढतं दुखणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यांतून पू, सहा-आठ तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर "सकाळी बघू" म्हणू नका. आतल्या वाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायलाच वेळ जातो. वॉर्डला फोन करा, डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या, आणि हिरवी उलटी असेल तर तोंडानं काही न देता निघा.