पोट शांत असतानाही यकृत तपासावे: आतड्याचा दाह असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे दोन आजार) असलेल्या मुलाचे जुलाब थांबले आणि वजन वाढू लागले की घरचे निर्धास्त होतात. मात्र अशा मुलांना यकृताचा आजारही होऊ शकतो, आणि तो पोटाच्या तक्रारींबरोबरच वाढेल किंवा ओसरेल असे नसते. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर, तर स्क्लेरोझिंग कोलँजायटिसमध्ये यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या पित्तनलिकांवर उलटते. मुलांमध्ये दोन्ही एकत्रही आढळतात, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसबरोबर त्यांचे प्रमाण अधिक असते. सुरुवातीला कावीळ वा खाज बहुधा नसतेच.

म्हणून निदानाच्या वेळी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्तातील यकृताच्या चाचण्या कराव्यात. ठाण्यात किंवा वाशीत लॅबमध्ये नमुना देताना यादीत जीजीटी (यकृत व पित्तनलिकांशी संबंधित एन्झाइमची चाचणी) आहे ना, हे आवर्जून विचारावे. वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फेटेज हे दुसरे एन्झाइम हाडांच्या वाढीमुळेही चढलेले असते, त्यामुळे पित्तनलिकांचा अंदाज जीजीटीवरून अधिक भरवशाने येतो. प्रत्येक रिपोर्टवर त्या वेळी चालू असलेली औषधे लिहून ठेवावीत, कारण अ‍ॅझाथायोप्रिन आणि मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनीही यकृताचे एन्झाइम वाढू शकतात. तरीही औषध स्वतःहून बंद करू नये.

आकडे चढेच राहिल्यास मुलांच्या यकृततज्ज्ञांना गाठावे, त्यासाठी लोकलने परळपर्यंत जावे लागले तरी. विषाणूजन्य हेपटायटिस आणि विल्सन्स डिसीज (शरीरात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार) नाही याची खात्री करून ते आयजीजी आणि ऑटोअँटिबॉडी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का हे पाहणाऱ्या रक्तचाचण्या), एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि बहुतेकदा बायॉप्सी (सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणे) सांगतात. बायॉप्सीला पालक कचरतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु बारीक नलिकांचा आजार एमआरसीपीत दिसत नाही, आणि हेपटायटिस किती आहे हेही त्या चित्रावरून ठरत नाही.

हेपटायटिसवर स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन चांगले काम करतात. पित्तनलिकांसाठी अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे पित्ताचा प्रवाह सुधारणारे औषध देतात. त्याने आकडे सुधारले तरी आजार थांबतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि प्रौढांवरील चाचणीत फार मोठ्या मात्रेने अपायच दिसला, तेव्हा मात्रा स्वतः वाढवू नये. शेजारीपाजारी सुचवतात तो गुळवेलीचा काढा तर मुळीच देऊ नये: कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या लोकांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनीच केली, आणि त्या इजेचे स्वरूप ऑटोइम्यून हेपटायटिससारखे होते.

ताप, कावीळ आणि पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे एकत्र आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे आणि जुन्या रिपोर्टांची फाइल बरोबर न्यावी.